तांबड्या तोंडाचा पारखी

व्हिक्टोरिया सरोवरावर काही दिवशी पाण्यातून काळे खांब उभे राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पाण्याच्या मधोमध काहीतरी पेटलंय आणि धूर चढतोय. जवळ आले की कळतं, ही चिलटं आहेत. पाण्यात आणि तळाच्या गाळात अळीरूपाने वाढलेली, एकाच सुमारास पंख फुटून बाहेर पडलेली अगणित चिलटं. वारा काठाकडे फिरला की ती गावात शिरतात. दिव्यांवर, भिंतींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जेवणाच्या ताटात. चावत मात्र नाहीत. काठावरच्या काही भागांत माणसं ती गोळा करून, थापून, वड्या करून खातातसुद्धा.

एवढं अन्न आपण होऊन दारात येत असताना एखाद्या शिकारी जिवाने आणखी कशाची वाट का पाहावी? पण याच काठावर, घरांच्या भिंतींवर आणि झाडांच्या बुंध्यांवर, जेमतेम पाच मिलिमीटरचा एक कोळी राहतो. या सगळ्या गर्दीत तो वेगळंच काही शोधत असतो. त्याला हवा असतो डास. डासांतही मादी. मादीतही नुकतीच कुणाचं तरी रक्त पिऊन टम्म फुगलेली. आणि जमल्यास ॲनोफिलिस, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या गणातली. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून एकच ओळखीचा चेहरा हुडकावा, तसं त्याचं रोजचं जगणं आहे.

एव्हार्का क्युलिसिव्होरा हे त्याचं शास्त्रीय नाव. केनिया आणि युगांडातला या सरोवराच्या आसपासचा टापू सोडला तर तो कुठे आढळल्याची नोंद नाही. शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती २००३ साली. पोलंडच्या वांडा वेसोलोव्स्का आणि न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट जॅक्सन या दोघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याआधी तो नव्हता असं अर्थातच नाही. काठावरच्या लुओ लोकांच्या घरांच्या भिंतींवर तो पिढ्यानपिढ्या फिरत असणार. करड्या-तपकिरी अंगाचा, पटकन नजरेत न भरणारा. नराचं तोंड मात्र तांबडं. भूक नसेल तेव्हा तो जमिनीलगतच्या गवतात दडून राहतो, भूक लागली की भिंतीवर, बुंध्यावर, उघड्यावर येतो.

गेली काही वर्षं या कोळ्याने मला झपाटलंय. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. त्याच्यावरचं बरंचसं संशोधन जिथे झालं त्या केनियातल्या म्बिटा गावाला गेलेले नाही. त्याच्याबद्दल जे जे छापून आलंय ते मिळेल तसं वाचत असते, एवढंच. आणि त्याच्याविषयी कुणाला सांगायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला समोरून एक प्रश्न हमखास येतो, ‘मग त्याचा उपयोग काय?’ त्या प्रश्नाकडे मी येणार आहे, कारण या कोळ्याच्या बाबतीत तो प्रश्न खराच महत्त्वाचा आहे. पण आधी कोळी नीट दिसायला हवा.

जाळं विणून वाट पाहत बसणाऱ्यांपैकी तो नव्हे. तो उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. कोळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं कूळ, सहा हजारांहून जास्त जाती असलेलं. २०२२ साली जगातल्या ज्ञात कोळ्यांच्या जातींचा आकडा पन्नास हजारांवर गेला, तेव्हा तो पल्ला गाठून देणारी जातही याच कुळातली निघाली. आपल्याकडे ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, हे अनेकांना आठवत असेल. आणि ज्यांच्या घराला भिंत आहे त्यांनी या कुळातला एखादा तरी पाहिलेला असतोच. राखाडी, चपटासा, भिंतीवर थांबत थांबत चालणारा आणि आपण जवळ गेलो की चक्क वळून आपल्याकडे बघणारा. माझ्या गॅलरीच्या भिंतीवर असतो तो मेनेमेरस बायव्हिटाटस. हासुद्धा मूळचा आफ्रिकेचा. माणसाच्या सामानसुमानाबरोबर उष्ण कटिबंधात सगळीकडे पोचला.

तो वळून बघतो म्हणजे खरंच बघतो. या कुळाला आठ डोळे. त्यांतले सहा मुख्यतः हालचाल टिपतात. कुठे काही हललं की ते अंगाला त्या दिशेने वळायला लावतात. समोरचे दोन मोठे डोळे मात्र वेगळ्याच कामाचे. त्यांचं भिंग डोक्यावर घट्ट बसवलेलं, हलत नाही. भिंगामागे लांबट नळी आणि तिच्या टोकाला दृष्टिपटल. हे पटल म्हणजे एक अरुंद पट्टी, तीही चार थरांची. समोरच्या दृश्याचा एका वेळी अगदी लहानसा तुकडा त्या पट्टीवर पडतो. मग पूर्ण चित्र कसं दिसायचं? तर प्रत्येक नळीला सहा स्नायू आहेत आणि ते आतल्या आत ती पट्टी डावी-उजवी, वर-खाली सरकवतात, फिरवतातही. मायकेल लँड यांनी १९६९ साली हे सगळं तपशीलवार दाखवून दिलं. म्हणजे कोळी आपल्यासमोर निश्चल उभा दिसतो, तेव्हा त्याच्या डोक्याच्या आत दोन बारीक पट्ट्या आपल्यावरून फिरत असतात. तो नजरेने चाचपत असतो. पाय कुठे, कड कुठे, डोळे कुठे. एकेक तुकडा गोळा करून तो ठरवतो की समोर भक्ष्य आहे, जोडीदार आहे, की पळून जावं असं काहीतरी.

हे समजल्यापासून भिंतीवरचा कोळी थबकला की मीही थबकते. त्याचं पाहून पुरं होईपर्यंत हलणं मला जमत नाही.

आता म्बिटाकडे. केनियाच्या होमा बे परगण्यात, रुसिंगा बेटाच्या समोर, सरोवराला लागून हे गाव आहे. तिथे आयसीआयपीई या कीटक-संशोधन संस्थेचं एक केंद्र आहे. ही संस्था थॉमस ओधिआंबो या केनियन कीटकशास्त्रज्ञाने १९७० साली नैरोबीत उभी केली. आफ्रिकेतल्या कीटकांचे प्रश्न आफ्रिकेत बसून, आफ्रिकेतल्या माणसांनी सोडवायचे हा त्यांचा ध्यास. म्बिटाच्या केंद्राला आता त्यांचंच नाव आहे. रॉबर्ट जॅक्सन, झिमेना नेल्सन, फिओना क्रॉस आणि त्यांचे केनियन सहकारी यांनी एव्हार्कावरचं बरंचसं काम या केंद्रात केलं.

त्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची प्रश्न विचारण्याची पद्धत. कोळ्याला बोलता येत नाही. तुला काय आवडतं, कसं ओळखतोस, हे त्याच्याकडून कसं काढून घ्यायचं? त्यांनी मेलेले डास आणि चिलटं घेतली. बुचाच्या बारीक चकत्यांवर ती अशी बसवली की जिवंतपणी बसायची तशीच दिसावीत. वर पारदर्शक प्लॅस्टिकचा हलका थर दिला, म्हणजे वासाचा प्रश्न उरला नाही. ती हलत नव्हती, म्हणजे हालचालीवरून ओळखण्याचा मार्गही बंद. राहिलं फक्त रूप. मग कोळ्यापुढे दोन आमिषं, दोन वाटा. एकीकडे रक्त प्यालेली मादी, दुसरीकडे साखरपाण्यावर वाढवलेली मादी. एकीकडे मादी, दुसरीकडे नर. एकीकडे डास, दुसरीकडे तेवढ्याच आकाराचं चिलट. कोळी पाहत राहायचा आणि मग एक वाट धरायचा. पुनःपुन्हा तो रक्त प्यालेल्या मादीकडेच गेला. मग त्यांनी रूप काढून घेतलं आणि नुसता वास ठेवला. काचेच्या नळ्यांमधून दोन बाजूंनी हवा सोडायची, एका हवेत रक्त प्यालेल्या डासाचा वास. कोळी पुन्हा त्याच बाजूला. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. रक्त प्यालेला डास निवडून, त्याच्याकरवी पृष्ठवंशी प्राण्यांचं रक्त मिळवणारा शिकारी जगापुढे आला तो तेव्हा पहिल्यांदा.

त्याला स्वतःला रक्त ओढता येत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आपली कातडी भेदून आत शिरेल असं काही त्याच्याकडे नाही. सोंड डासाकडे आहे. डासाने एखाद्या झोपलेल्या माणसाला शोधायचं, कातडीखालची केशवाहिनी शोधायची, रक्त पोटात भरून घ्यायचं आणि जड अंगाने जवळच्या भिंतीवर जाऊन टेकायचं. त्या भिंतीवर हा असतो.

मग पुढचा प्रश्न आला, तो मला फार सुंदर वाटतो. कोळी नेमकं काय बघून ठरवतो? नेल्सन आणि जॅक्सन यांनी जोडकाम केलेले डास बनवले. एकाचं डोकं आणि छाती, दुसऱ्याचं पोट. मादीच्या पुढच्या भागाला नराचं पोट, नराच्या पुढच्या भागाला रक्ताने तांबडं झालेलं मादीचं पोट. डासाच्या नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात, मादीच्या साध्या, विरळ. रक्त फक्त मादीच पिते. तेव्हा झुपकेदार मिशा आणि तांबडं पोट ही जोडी निसर्गात असूच शकत नाही. नुसतं तांबडं पोट पुरेसं असतं, तर कोळी या जोडकामाला फसला असता. तो फसला नाही. तांबडं पोट असूनही पुढे नराच्या मिशा दिसल्या की त्याची पसंती बदलायची. पोट आणि मिशा, दोन्ही जमायला हव्यात. पाच मिलिमीटरचं शरीर, त्यात टाचणीच्या डोक्यात मावेल एवढा मेंदू, आणि तो दोन वेगवेगळ्या खुणांचा मेळ घालून निर्णय घेतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्या रात्री दुसरं काही वाचवलंच नाही.

पिल्लांची तऱ्हा आणखी वेगळी. अगदी लहान पिल्लांना रक्त भरलेलं असो-नसो, ॲनोफिलिसच लागतो. आपल्या शाळेच्या पुस्तकातही एक चित्र असायचं. क्युलेक्स डास पृष्ठभागाला समांतर बसतो, ॲनोफिलिस मात्र शेपटीकडची बाजू उचलून, तिरपा. परीक्षेत दोन गुणांसाठी आपण पाठ केलेली ही खूण ती पिल्लं जन्मल्यापासून वापरतात. संगणकावर हलत्या चित्रासारखा बनवलेला डास दाखवला, तेव्हाही त्यांनी बसण्याच्या ढबीवरूनच निवड केली. आणि ती ढब त्यांच्या दुसऱ्या कामालाही येते. डास पिल्लापेक्षा बराच मोठा. समोरून गेलं तर तो उडून जाणार. म्हणून ॲनोफिलिस दिसला की पिल्लू लांबचा वळसा घेतं, मागून येतं, उचललेल्या पोटाखालच्या त्या मोकळ्या जागेत शिरतं आणि खालून झेप घेतं. दुसरं कुठलं भक्ष्य असेल तर हा वळसा नाही. भक्ष्य पाहून डावपेच बदलणं आपण वाघ-बिबट्यांना सहज बहाल करतो. इथे ते काही दिवसांच्या कोळ्याच्या पिल्लात आहे.

वासाचा भाग मी वर पटकन आटोपला, पण या कोळ्याच्या आयुष्यात वास बराच खोल गेलेला आहे. डासाचा वास आला की त्याची नजर डास शोधण्यासाठी तयार होते. म्हणजे त्या वासात असताना लपलेला डास त्याला अधिक सहज सापडतो. क्रॉस आणि जॅक्सन यांनी हे दाखवलं, आणि उलटही दाखवलं, की डास नुसता दिसला तरी त्याचा वास ओळखायला तो तत्पर होतो. एका इंद्रियाने दुसऱ्याला हाक मारावी असा हा प्रकार. २००९ साली त्यांनी सायमन पोलार्ड यांच्यासह आणखी एक गोष्ट पुढे आणली. रक्त प्यालेल्या डासांवर जगलेल्या कोळ्याच्या अंगालाच एक वास येतो आणि तो वास विरुद्ध लिंगाच्या कोळ्यांना ओढून घेतो. नराला मादी आणि मादीला नर, दोघांनाही. त्यामुळे रक्ताची ओढ ही निव्वळ पोटाची भूक राहत नाही. ज्याला चांगला डास मारता येतो त्याच्या अंगाला ते कळतं, आणि समोरच्यालाही कळतं. इथे निवडही एकतर्फी नाही. नर मादीला पारखतो, मादी नराला. अजून नराशी जुगलेली नसलेली मादी मोठ्या नराकडे झुकते आणि एकदा जुगल्यावर तिची आवड बदलून लहान नराकडे वळते.

२०११ साली त्यांनी माणसाच्या वासाची परीक्षा घेतली. एका बाजूला माणसाने घालून वापरलेले मोजे, दुसऱ्या बाजूला स्वच्छ, न वापरलेले. कोळी वापरलेल्या मोज्यांकडे गेला. आपल्या पायांच्या वासाने ॲनोफिलिस गॅम्बी हा आफ्रिकेतला मुख्य मलेरियावाहक डासही खेचला जातो, हे आधीपासून माहीत होतं. आता त्या डासाला खाणाराही त्याच वासामागे येतो हे कळलं. जिथे माणूस झोपतो तिथे डास येणार, आणि जिथे डास येणार तिथे आपण असलेलं बरं. हा हिशेब कुठल्या एका कोळ्याने केलेला नाही. तो त्याच्या जातीच्या अंगात मुरलेला आहे.

आणि वनस्पती. एव्हार्का झाडांच्या वासाकडेही ओढला जातो, सरसकट सगळ्या झाडांच्या नव्हे. त्याच्या आवडीच्या दोन झाडांची नावं वाचली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. एक घाणेरी, दुसरा एरंड. घाणेरी म्हणजे आपली टणटणी हो, रेल्वेरुळांच्या कडेला, सह्याद्रीच्या पायथ्याला, पडीक माळावर मातलेली, लाल-पिवळ्या फुलांच्या झुबक्यांची. पानं चुरगाळली की येणारा उग्र वास लहानपणी ज्याच्या बोटांना लागला नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. म्बिटाच्या आसपास या दोन झाडांवर हे कोळी सापडतात, त्यांचा मधुरस पितात, जोडीदाराशी भेटीगाठीही तिथे होतात. एरंड पूर्व आफ्रिकेच्याच बाजूचा, म्हणजे त्याचा घरचा. घाणेरी मात्र अमेरिकेतली. युरोपीय लोकांनी शोभेचं झाड म्हणून जगभर नेली आणि मग ती कुणाला आवरली नाही, भारतातही नाही आणि केनियातही नाही. पाहुणी म्हणून आलेल्या या झाडाशी सरोवराकाठच्या कोळ्याने नातं जोडावं याचं मला फार नवल वाटतं. वनखातं जिला उपटून टाकायला माणसं लावतं त्या झाडात कुणाला तरी घराचा वास येतो. म्हणून घाणेरी माफ करावी असं मी म्हणत नाही. तिने आपल्या जंगलांचं केलेलं नुकसान मोठं आहे. पण आता तिच्या झुडपाशेजारून जाताना नाक मुरडत नाही मी.

आता तो प्रश्न. उपयोग काय?

मलेरिया मला पुस्तकातून कळलेला नाही. लहानपणी तो मला झाला होता. संध्याकाळी ठरल्या वेळी भरणारी हुडहुडी, दात एकमेकांवर आपटतात ती, मग अंगावर चार गोधड्या असूनही न थांबणारी थरथर, मग ताप, मग घामाने चिंब अंथरूण. कडू गोळी गिळताना आईने हातात गूळ धरून बसणं. आमच्या इमारतीत हिवतापाचे कर्मचारी गच्चीवर चढून टाक्यांची झाकणं तपासायचे, आणि झाकण उघडं सापडलं की आजी त्यांच्या बाजूने भांडायची. मला नीट उपचार मिळाले, मी बरी झाले. २०२३ या एका वर्षात जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं मलेरियाने गेली, आणि त्यांतली सुमारे पंचाण्णव टक्के आफ्रिकेत. बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. म्बिटा ज्या परगण्यात आहे तो होमा बे केनियातल्या सर्वाधिक मलेरियाग्रस्त भागांपैकी आहे. मलेरियाची पहिली लस मुलांना टोचण्याचा केनियातला प्रारंभिक कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला तो याच परगण्यात. त्यामुळे मलेरियाचा डास निवडून मारणारा कोळी असं ऐकल्यावर कुणी उपयोग विचारला, तर त्याला अरसिक म्हणण्याचा मला अधिकार नाही.

तर हिशेब मांडून बघू. पहिली शंका अशी की हा कोळी डासाला खातो कधी, तर डास आपल्याला चावून झाल्यावर. मग फायदा काय? फायदा आहे. डासाने मलेरियाच्या रुग्णाचं रक्त पिलं की परजीवी लगेच पुढच्या माणसात जात नाही. त्याला डासाच्या अंगात वाढावं लागतं, जठराच्या भिंतीत गाठी धरून मग लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचावं लागतं. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात दिसला तो याच प्रवासातला एक टप्पा. रक्त प्यालेली मादी भिंतीवर टेकलेली असतानाच मारली, तर हा प्रवास तिथेच थांबतो. घरांच्या आतल्या भिंतींवर औषध फवारण्यामागचं तत्त्वही हेच आहे. डास चावून भिंतीवर बसतो, तिथे त्याला गाठायचं. एव्हार्का नेमका तिथेच असतो.

पण म्हणून त्याची पैदास करून गावोगाव सोडावी, हा विचार मला पटत नाही. डासाची एक मादी एका खेपेला शंभराहून जास्त अंडी घालते आणि काही दिवसांत पुन्हा घालते. कोळ्याची वाढ त्या मानाने फार संथ. शिवाय ते एकमेकांनाही खातात, म्हणजे दाटीने वाढवणं आणखी अवघड. आणि सरोवराकाठच्या जिवाला दुसरीकडे नेऊन सोडणं म्हणजे घाणेरीची गोष्ट पुन्हा सुरू करणं. मच्छरदाणी, औषधं, लस, साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त, हाच मलेरियावरचा खरा मार्ग आहे आणि त्याला दुसरा पर्याय कुणी देऊ नये. भिंतीवर एव्हार्का दिसला तर त्याला झाडूने मारू नका, एवढं म्बिटाच्या घरांत सांगता येतं. तेही काही थोडं नाही.

या हिशेबात एक आपला धागाही आहे, आणि तो अभिमानाचा नाही. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा, शहरी मलेरिया पसरवणारा डास म्हणजे ॲनोफिलिस स्टेफेन्सी. तो आशियातला. २०१२ साली तो आफ्रिकेच्या शिंगावर, जिबूतीत सापडला. २०१६ मध्ये इथिओपियात, आणि २०२२ च्या अखेरीस उत्तर केनियात. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. हा डास मात्र स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, शहराच्या मधोमध वाढतो, म्हणून तिथले आरोग्याधिकारी काळजीत आहेत. तिकडचा कोळी माझ्या भिंतीवर आणि इकडचा डास त्यांच्या टाक्यांत. या देवघेवीत आम्हाला चांगला माल मिळाला आणि त्यांना वाईट, हे मनाला लागतं.

आणि तरीही उपयोगाच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर माझं समाधान होत नाही. समजा, उद्या लसीने आणि मच्छरदाण्यांनी मलेरिया संपला. तो संपावाच, आजच संपावा, त्यात माझी कुठलीही अट नाही. त्या दिवशी एव्हार्काचा माणसाला काडीचाही उपयोग उरणार नाही. पण डासाच्या मिशा आणि डासाचं पोट यांचा मेळ घालणारं ते डोकं तसंच असेल. मागून वळसा घेऊन येणारं पिल्लू तसंच असेल. आपल्याला जगातलं किती कमी दिसतं आणि एवढ्याशा जिवाला किती दिसतं, हे कळण्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं बुचाच्या चकत्यांवर मेलेले डास बसवत राहिलं. त्या माणसांना पहिल्याच दिवशी कुणी उपयोग विचारून परत पाठवलं असतं, तर भिंतीवर नेमका कुठे डास गाठला जातो हेही आपल्याला असं दिसलं नसतं.

मलेरिया गेला तरी कोळी उपाशी राहील अशी भीती मला वाटत नाही. परजीवी संपला म्हणून डास संपत नाही. ॲनोफिलिस अराबिएन्सिससारखे डास माणसाइतकेच गुरांवरही बसतात, आणि सरोवराकाठी गुरं भरपूर आहेत. डास मिळालाच नाही तर चिलटांवर भागवणं त्याला येतं.

या पावसाळ्यात मी माझ्या गॅलरीतल्या मेनेमेरसपुढे बसणार आहे. बाटल्यांची बुचं कापून चकत्या केल्या आहेत. भिंतीवर मेलेला डास आणि नळीच्या दिव्याखाली पडलेलं चिलट, दोन्ही सारख्या अंतरावर ठेवायचे. शेजारची दोन मुलं मदतीला येतो म्हणाली आहेत. त्यांतल्या धाकटीने परवा भिंगातून डासाच्या मिशा पाहिल्या आणि विचारलं, ‘मावशी, कोळ्याला हे भिंगाशिवाय दिसतं?’ दिसतं, म्हटलं. पण आपल्या भिंतीवरच्याला दिसतं का, ते त्यालाच विचारू.